कात्रण लावण्याआधी

लिलावघराच्या भिंतीवरचा हा फळा
माझ्या ताब्यात आहे म्हणजे काय,
तर टाचण्यांची डबी माझ्या खिशात असते.
बाकी अधिकार काही नाही.
कोर्वेलो बंदरातलं कुणीही बातमी कापून आणतं,
मी टाचणी देतो.

पूर्वी काहीच विचारायचो नाही.
उचलली कात्री, लावली कागदाला.
सार्डिनच्या भावावर मंत्र्याचं भाषण,
भाषणावर कुणाच्या तरी पुतणीचं बक्षीस,
आणि सगळ्यांवर बाल्दोमेरोच्या पुरवण्या,
अख्ख्या, घडीसकट,
कारण "सगळंच महत्त्वाचं आहे."
सगळंच महत्त्वाचं असलं, बाल्दोमेरो,
की माणूस टोपी सारखी करून पुढे जातो.

मग ती मार्चमधली पहाट.
ओहोटी पाचला. बायका रबरी बूट चढवून,
दाताळी-बादल्या घेऊन शिंपल्यांना निघालेल्या,
आणि फळ्यावर चार ओळी:
आयर्लंडच्या पश्चिमेला ट्रॉलर उलटला,
सात जण बेपत्ता.
वर पेपरचं नाव नाही. तारीख नाही.
खाली, जिथे माणसांची नावं यायची,
तिथे कात्रीची वाकडी कड.

ओब्दुलियाचा ब्राइस त्याच पाण्यात होता.
ती ओरडली नाही.
बादली सरळ ठेवली, हातमोजे काढले,
आणि त्या चार ओळी इतक्यांदा वाचल्या
की वाटलं, शाई उतरेल.
कचेरीचा फोन लागेपर्यंत एकेचाळीस मिनिटं.
पाणी परत चढलं.
त्या दिवशी वाळूत कुणी उतरलं नाही.

कात्रण एकोणीस वर्षांपूर्वीचं निघालं.
अल्सिराने आणलेलं. ती पलीकडच्या बंदरातली,
इथे लग्न होऊन आली.
आईच्या कपाटात सापडलं, म्हणाली,
लोकांनी विसरू नये म्हणून लावलं.
त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.
कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर, म्हणतात.
डोळ्यांनी वाचलेल्यातही ते असतं,
एकोणीस वर्षांएवढं.

आणि नावं?
ती अल्सिराने नव्हती कापली.
तिच्या आईने, तेव्हाच.
पाचवं नाव नवऱ्याचं होतं.

तेव्हापासून मी विचारतो, लोक वैतागतात.
कुठला पेपर? कुठला वार?
शेवटपर्यंत वाचलंस, की मथळ्यावरच धावत आलीस?
अख्खं पान नको लावू. ते लिहिणाऱ्याचंही पोट आहे.
दोन परिच्छेद पुरे, बाकीचं विन्सेन्ताच्या दुकानात
विकत मिळतं, तसं खाली लिही.
आणि एक ओळ तुझी: का आणलंस.
ती दुसऱ्या शाईने,
म्हणजे बातमी कुठे संपते
आणि तू कुठे सुरू होतेस, ते दिसेल.

बाल्दोमेरो म्हणतो, तू कस्टमवाला झालास.
झालो.
पण ती टाचणी मी दिली होती.
न वाचता, कुणाशी तरी कॉफीबद्दल बोलत,
अंगठ्याने दाबून बसवलीही मीच.

जूनमध्ये ब्राइस आला, दाढी वाढवून,
आईसाठी कसलासा आयरिश बिस्किटांचा डबा घेऊन.
कात्रण अजून कोपऱ्यात आहे,
अल्सिराने काढू दिलं नाही.
वर तारीख आहे आता, ओब्दुलियाच्या हातची,
मोठ्या आकड्यांत, दोनदा गिरवलेली.
ब्राइसने उभ्याउभ्या वाचलं.
मग मला विचारलं,
"पुढे काय झालं यांचं?"

पुढचं कात्रण कुणी आणलंच नव्हतं.
मी खिशातली डबी वाजवत राहिलो.
तोवर तो वळला होता,
अल्सिराचं घर कुठलं, ते विचारायला.